सामर्थ्याचे व्याकरण : सुपरहीरो भूमिकाखेळांच्या नियमसंहिता

१

रोझे कायवा ह्या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांची मीमांसा करताना एक द्वंद्व मांडले होते. त्याच्या मते खेळ एकतर नियमबद्ध असतो किंवा कल्पनाश्रित असतो. तो एकाच वेळी दोन्ही नसतो. बुद्धिबळात नियम असतात, म्हणून 'जणू काही'ची गरज नसते. भातुकलीत 'जणू काही' असते, म्हणून नियमांची गरज नसते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि हे द्वंद्व मोडीत निघाले. टेबलाभोवती बसलेले चारपाच जण एकेका पात्राच्या वतीने बोलतात. एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग सांभाळतो, आणि जेथे पात्राच्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय घेतला जातो. येथे कल्पित नियमांतून उभे राहते आणि नियमांना अर्थ कल्पितातून मिळतो. जॉन सर्लने १९६९ मध्ये केलेला नियामक नियम आणि घटक नियम हा भेद येथे उपयोगी पडतो. आधीपासून अस्तित्वात असलेल्या व्यवहाराला शिस्त लावतात ते नियामक नियम. ज्यांच्यावाचून तो व्यवहार अस्तित्वातच येत नाही ते घटक नियम. भूमिकाखेळाचे नियम ह्या दुसऱ्या प्रकारचे होत.

ह्यातून साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. एखादा भूमिकाखेळ जेव्हा आधीच प्रस्थापित असलेल्या वाङ्मयप्रकारावर बेतलेला असतो तेव्हा त्याची नियमसंहिता त्या प्रकाराचे केवळ अनुकरण करते, की त्याच्याविषयी काही विधान करते? सुपरहीरोंच्या चित्रकथा ह्या प्रश्नाच्या तपासणीस विशेष सोयीच्या आहेत, कारण एकाच वाङ्मयप्रकारावर गेल्या काही दशकांत परस्परांहून अगदी भिन्न अशा नियमसंहिता रचल्या गेल्या. १९७७ मधील 'सुपरहीरो २०४४' पासून २०२३ मधील 'मार्व्हल मल्टिव्हर्स रोल-प्लेइंग गेम'पर्यंतचा हा विस्तार आहे. ह्या संहितांची तुलना सामान्यतः सोय, वेग आणि अचूकता ह्या निकषांवर केली जाते. त्या निकषांना खेळणाऱ्यांपुरते महत्त्व आहे. परंतु प्रत्येक संहिता म्हणजे सुपरहीरो ह्या कल्पनेचे एक भाष्य आहे असे मानून तिच्याकडे पाहिले तर अधिक मूलभूत प्रश्न विचारता येतो : अमर्याद सामर्थ्य असलेल्या नायकाला मर्यादा कोठून येते?

२

ह्या वाङ्मयप्रकाराच्या गाभ्याशी असलेला पेच उंबेर्तो इकोने सुपरमॅनवरील आपल्या १९६२ च्या निबंधात दाखवून दिला आहे. पुराणातील नायकाची कथा घडून गेलेली असते, तर कादंबरीच्या नायकाचे जीवन वाचकासमोर घडत जाते. घडणे म्हणजे झिजणे, आणि प्रत्येक कृतीनिशी नायक मृत्यूकडे एक पाऊल सरकतो. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनला मात्र दर महिन्याला नवे काही करावे लागते आणि तरी झिजता येत नाही. म्हणून त्याच्या कथा स्वप्नवत काळात घडतात. आधीच्या अंकात काय झाले ह्याचा हिशेब पुढच्या अंकात धूसर होतो.

भूमिकाखेळाचा वारसा नेमका ह्याच्या उलट आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील पात्र अनुभव साठवते, पायऱ्या चढते आणि मुळात होते त्याहून निराळे होते. न झिजणारा, न वाढणारा चित्रकथेचा नायक आणि साठवणारे, वाढणारे खेळातील पात्र ह्यांची सांगड घालणे हीच सुपरहीरो खेळाच्या रचनाकारापुढील खरी अडचण होय.

१९७९ मध्ये जेफ डी आणि जॅक हर्मन ह्यांनी रचलेल्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'चे उत्तर वरवर पाहता भाबडे वाटते. खेळाडूने स्वतःचेच पात्र करायचे. बळ, बुद्धी इत्यादी गुण आपल्या स्वतःच्या मगदुरानुसार ठरवायचे आणि अतिमानवी शक्ती मात्र फाशांनी मिळवायच्या. कोणाला उड्डाण मिळेल, कोणाला बर्फ, कोणाला दोन्ही. ह्या योजनेत एक मार्मिक वाचन दडलेले आहे. १९६२ मध्ये पीटर पार्करला कोळी चावला तो त्याच्या लायकीमुळे चावला नाही. सुपरहीरोचा उगम बहुधा अपघातात असतो आणि नायकत्व त्या अपघाताला दिलेल्या प्रतिसादात असते. डी आणि हर्मन ह्यांनी उगमकथेतील दैव हे खेळातील फाशांच्या हवाली केले. पुरुषकाराचा प्रश्न मात्र त्यांच्या नियमांनी जवळजवळ खेळाडूवरच सोडून दिला.

३

जॉर्ज मॅकडॉनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन ह्यांच्या 'चॅम्पियन्स' (१९८१) ह्या संहितेने दैवाला पात्रनिर्मितीतून हद्दपार केले. येथे पात्र मिळत नाही, विकत घ्यावे लागते. प्रत्येक शक्तीला किंमत आहे. दूरवरून आघात करण्याची शक्ती दर फाशामागे ५ गुणांना मिळते, म्हणजे १० फाशांच्या आघाताला ५० गुण पडतात. तो आघात अग्नीचा आहे, विजेचा आहे की ध्वनीचा, ह्याने किमतीत मूलतः फरक पडत नाही. परिणाम आणि त्याचे दृश्यरूप ह्यांची ही फारकत 'चॅम्पियन्स'चे मोठे तात्त्विक पाऊल म्हणावे लागेल. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक आणि चिन्हित ह्यांच्यातील संबंध यादृच्छिक आहे हे तत्त्व येथे पात्ररचनेला लावलेले आहे. ज्वाला आणि वीज हे शब्द खेळाडूचे. व्याकरणाला केवळ फाशांची संख्या कळते.

ह्याहून महत्त्वाची आहे ती उणिवांची व्यवस्था. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत खेळाडूला १०० गुण मुळात मिळतात, आणि आणखी १५० गुणांपर्यंत तो आपल्या पात्राच्या उणिवा पत्करून मिळवू शकतो. गुप्त ओळख, मनाला बांधून ठेवणारे एखादे व्रत, पाठलाग करणारा शत्रू, आधारावर जगणारे आप्त ह्या सगळ्यांना गुणांत मोल आहे. शत्रू किती वेळा उपटतो हेही ठरलेले असते. तीन फाशांची बेरीज ११ किंवा त्याहून कमी आली तर तो ह्या कथाभागात येणार, असे नोंदवले की त्याची शक्यता ६२.५ टक्के होते. ८ वर ठेवली तर ती सुमारे २६ टक्क्यांवर येते. शिवाय जी मर्यादा प्रत्यक्षात अडचणीत आणत नाही तिला मोल नाही, असेही ही संहिता बजावते.

ह्या व्यवस्थेवर हिशेबीपणाचा आक्षेप नेहमी घेतला गेला, आणि तो खोटा नाही. आजारी मावशी ही ह्या खेळात गुणांची बाब होते. परंतु आक्षेप घेताना ह्या हिशेबाने काय साधले तेही पाहावयास हवे. सुपरहीरो आपल्या शक्तींइतकाच आपल्या जोखडांनी घडलेला असतो, हे चित्रकथांच्या वाचकाला ठाऊक असलेले सत्य 'चॅम्पियन्स'ने प्रथम रचनातत्त्व म्हणून मांडले. येथे सामर्थ्य आणि दुर्बलता ही एकाच खतावणीची जमा आणि नावे अशी दोन अंगे आहेत. मात्र हा सौदा खेळ सुरू होण्यापूर्वीच पूर्ण होतो. उणिवेचा मोबदला आधी हाती पडतो आणि तिचा जाच नंतर, तोही सूत्रधाराच्या आठवणीवर अवलंबून. स्टीव्ह केन्सन ह्याच्या 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'ने (२००२) 'चॅम्पियन्स'प्रमाणे गुणांनी शक्ती विकत घेण्याची रीत ठेवली. पण २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटा केला. गुंतागुंत जेव्हा प्रत्यक्ष आड येते तेव्हाच तिच्या बदल्यात खेळाडूला 'हीरो पॉइंट' मिळतो. बदल लहान दिसतो. परंतु त्यामुळे दुर्बलता पात्राच्या भांडवलातून उठून कथेच्या ओघात आली.

४

टीएसआर ह्या प्रकाशनसंस्थेसाठी जेफ ग्रबने रचलेल्या 'मार्व्हल सुपर हीरोज' (१९८४) मध्ये मोजमापाची भाषाच बदलते. येथे गुण आकड्यांनी नव्हे तर विशेषणांनी सांगितले जातात. 'फीबल'पासून सुरू होणारी ही चढण 'टिपिकल', 'रिमार्केबल', 'इन्क्रेडिबल', 'अमेझिंग' असे करत 'अनअर्थली'पर्यंत जाते. ह्यांतील काही विशेषणे मार्व्हलच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर नायकांच्या नावांमागे लागत आलेली होती. म्हणजे प्रकाशकाच्या जाहिरातीचा अलंकारच येथे परिमाण झाला. सर्व कृतींचा निवाडा एकाच रंगीत कोष्टकावर पांढरा, हिरवा, पिवळा वा तांबडा असा होतो.

ह्या संहितेचे खरे वेगळेपण तिच्यातील 'कर्मा' ह्या कल्पनेत आहे. सत्कृत्य केले, दिलेला शब्द पाळला की कर्मा वाढतो, दुष्कृत्याने घटतो, आणि नायकाने कोणाचा जीव घेतला तर साठलेला सर्व कर्मा नष्ट होतो. हा साठा दोन प्रकारे खर्च करता येतो : हातातील फाशाचे दान सुधारण्यासाठी, किंवा आपली शक्ती कायमची वाढवण्यासाठी. शब्द भारतीय असला तरी व्यवस्था कर्मसिद्धान्ताची नव्हे. कर्माचे फळ कर्त्याच्या मर्जीने, त्याला हव्या त्या क्षणी वटत नाही. पुण्याचा संचय संपला की स्वर्गातून खाली यावे लागते, ही कल्पना त्याला अधिक जवळची आहे. तरी ह्या दुहेरी खर्चाने इकोच्या पेचाला नकळत उत्तर मिळाले. आजच्या संकटातून निभावण्यासाठी कर्मा उधळावा लागतो, म्हणून उद्याची वाढ लांबणीवर पडते. नायक सतत कमावतो आणि जवळजवळ जागच्या जागी राहतो. चित्रकथेतील स्थिरकाळ नियमांच्या अर्थव्यवस्थेतून निर्माण करण्याची ही रीत खरोखर चतुर आहे.

ग्रेग गॉर्डनच्या 'डीसी हीरोज'पुढे (१९८५) वेगळाच प्रश्न होता. बॅटमॅन आणि सुपरमॅन एकाच कथेत वावरतात. त्यांना एकाच पट्टीने मोजायचे कसे? त्याचे उत्तर गणिती आहे. प्रत्येक पुढचा अंक आधीच्याच्या दुप्पट. सरासरी माणसाचे बळ २ धरले तर १२ बळाचा नायक त्याच्या १०२४ पट बलवान ठरतो. वजन, अंतर, काळ, सारे ह्याच एककात मोजले असल्याने गुणाकाराच्या जागी बेरीज-वजाबाकी पुरते. शारीरिक, मानसिक आणि गूढ अशा तीन स्तरांवरील नऊ गुण एकाच चौकटीत बसतात. अतिशयोक्तीलाही व्याकरण असते हे ह्या संहितेने सिद्ध केले. तिचा तोटाही ह्याच गुणात आहे. सामान्य माणसाचे सारे वैविध्य पट्टीच्या तळाशी दोनचार अंकांत दाटीने बसते. ज्यांच्यासाठी नायक झटतो ती माणसे ह्या पट्टीवर जेमतेम दिसतात.

५

ब्रेंडन कॉनवेच्या 'मास्क्स : अ न्यू जनरेशन' (२०१६) मध्ये पट्टीच फेकून दिलेली आहे. पात्र किती वजन उचलते हे येथे कोणी विचारत नाही. ही पात्रे किशोरवयीन आहेत आणि त्यांची मोजली जाणारी गोष्ट एकच : ती स्वतःला काय समजतात. विचित्र, धोकादायक, तारक, श्रेष्ठ आणि साधा अशा पाच बिरुदांना अंक दिलेले असतात. मोठ्यांचा ह्या मुलांवर मुळातच प्रभाव मानलेला आहे, आणि एखादा मोठा माणूस 'तू कोण आहेस' हे सांगतो तेव्हा एक बिरुद वर जाते व दुसरे खाली येते. पात्राला हे नाकारता येते, पण त्यासाठीही फासे टाकावे लागतात. शरीराच्या जखमा मोजल्या जात नाहीत. त्यांच्या जागी भय, राग, अपराधभाव, निराशा आणि असुरक्षितता ह्या पाच अवस्था आहेत. पाचही अंगावर आल्यावर आणखी एक सोसण्याची वेळ आली की पात्र त्या प्रसंगातून बाद होते.

ज्या व्यवस्थेत नायकाचे स्वत्व दुसऱ्याच्या दृष्टीतून हलत राहते तिला सामर्थ्याची व्यवस्था म्हणणे अवघड आहे. मोठा आघात सोसण्याच्या नियमात आधीच्या अवस्थांची संख्या फाशांत मिळवली जाते आणि मोठी बेरीज वाईट ठरते. इतर सर्वत्र चांगले मानलेले दान येथे उलटते. 'चॅम्पियन्स'मध्ये मर्यादा किमतीतून येते, 'मार्व्हल'मध्ये नैतिक संचयातून, 'डीसी'मध्ये परस्परांच्या प्रमाणातून. 'मास्क्स'मध्ये ती इतरांच्या नजरेतून येते. ह्या क्रमाला विकास म्हणण्याचा मोह होतो. हिशेबाकडून अर्थाकडे, शरीराकडून मनाकडे झालेला हा प्रवास आहे असे म्हणणे सोपेही आहे. पण ते कितपत खरे आहे हे एखाद्या प्रसंगाच्या कसोटीवरच ठरवावे लागेल.

६

असा प्रसंग ह्या वाङ्मयप्रकारात आहे. १९७३ मधील 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली टाकतो. स्पायडर-मॅन जाळे फेकतो, ते तिच्या पायाला अचूक धरते, आणि ती वर येते तेव्हा मेलेली असते. चित्रात तिच्या मानेजवळ एका लहानशा आवाजाचा शब्द लिहिलेला आहे. अचानक थांबण्याच्या हिसक्याने तिचा जीव गेला, असे प्रकाशकांकडून पुढे वाचकांच्या पत्रांच्या पानावर स्पष्ट करण्यात आले. प्रसंगाची भीषणता नायक अयशस्वी झाला ह्यात नाही. तो यशस्वी झाला आणि त्या यशानेच मृत्यू घडला.

ही घटना चारही संहितांतून वाचून पाहता येते. 'डीसी हीरोज'च्या दुपटीच्या पट्टीवर तो बारीक आवाज ऐकूच येणार नाही. नाजूक मान आणि मजबूत मान हा भेद तेथे जवळजवळ अंकांच्या खालीच राहतो. 'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये खेळाडू साठलेला कर्मा खर्चून दान सुधारील. जाळे लागले तर प्रसंग संपला. मात्र ती मेलीच, तर ह्या संहितेचा एक नियम अकस्मात गंभीर होतो : हत्या करणाऱ्या नायकाचा सारा कर्मा जातो. ही हत्या आहे काय? कोष्टक ह्याचे उत्तर देत नाही. टेबलाभोवतीच्या माणसांना ते द्यावे लागते, आणि पीटर पार्करला छळणारा प्रश्न नेमका हाच आहे.

'मास्क्स'मध्ये दुसऱ्याचे रक्षण करण्याचा स्वतंत्र नियम आहे. फासे 'तारक' ह्या बिरुदाच्या बळावर पडतात. दान बरे पडले तर ती वाचते. मध्यम पडले तर वाचते, पण नायकाला किंमत द्यावी लागते. मृत्यूला शिरकाव केवळ अपयशातून मिळू शकतो. त्यानंतरचे सारे, अपराधभावाची नोंद, 'तारक'ची घसरण, मोठ्यांच्या शब्दांचे घाव, ही संहिता इतर कोणाहूनही अधिक सूक्ष्मतेने सांभाळील. परंतु यश आणि अनर्थ एकाच कृतीत एकरूप होण्याची शक्यता तिने आधीच वगळलेली आहे. रक्षण यशस्वी झाले म्हणजे जीव वाचला, ही तिची व्याख्याच आहे.

उरते ती 'चॅम्पियन्स'. तेथे ग्वेन ही आधारावर जगणारी आप्त म्हणून काही गुणांना नोंदलेली असेल. ती गेल्यावर तिचे गुण कशाने तरी भरून काढावे लागतील, आणि ह्या हिशेबाइतकी ओंगळ गोष्ट दुसरी नाही. तरीही तेथे पडणाऱ्या देहाचा वेग मोजता येतो, त्या वेगातून आघाताचे फासे ठरतात आणि साधारण माणसाचे शरीर किती सोसते हेही लिहिलेले असते. थांबलेल्या देहाला तो आघात लावायचा की नाही एवढाच निर्णय सूत्रधाराचा. तो लावला तर नेम अचूक लागूनही फासे मोजल्यावर मृत्यू समोर येतो. तो कोणी योजलेला नसतो आणि कोणाला टाळताही येत नाही. जी संहिता सर्वांत कमी वाङ्मयीन वाटते तिच्याच रूक्ष अंकगणितात ही शोकांतिका घडू शकते.

७

हा निष्कर्ष 'चॅम्पियन्स'च्या श्रेष्ठत्वाचा नव्हे. शोकांतिका घडू शकते तेथे ती घडल्यावर काय करावे हे कळत नाही, आणि जेथे हे कळते तेथे ती घडू शकत नाही, एवढेच ह्या तुलनेतून हाती येते. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात मिटिसच्या पुतळ्याचा दाखला दिला आहे. मिटिसच्या मारेकऱ्यावर तो पुतळा कोसळला आणि मारेकरी मेला. असे अपघात योजल्यासारखे भासतात म्हणून ते अधिक थरारक वाटतात, असे त्याचे म्हणणे. चित्रकथेत ग्वेनचा मृत्यू लेखकांनी योजलेला होता आणि तो अपघात भासावा अशी त्याची मांडणी होती. खेळात अपघात खराच असतो. त्याला योजनेचे रूप नंतर द्यावे लागते. फाशांनी जे दिले ते कोणीही मागितलेले नव्हते, हीच भूमिकाखेळाची अन्य कथनप्रकारांत न सापडणारी मिळकत आहे. अर्थपूर्णतेच्या ओढीने नियमांनी ती गमावली, तर उरते ते सहलेखन. तेही मोलाचे, पण त्याला प्रतिकार करणारे काही समोर राहत नाही.

ही मिळकत साहित्यात उतरू शकते ह्याचा पुरावाही आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि त्याच्या लेखकमित्रांनी १९८३ च्या 'सुपरवर्ल्ड' ह्या खेळात महिनोन्महिने घालवले, आणि त्यातून १९८७ मध्ये 'वाइल्ड कार्ड्स' ही अनेक लेखकांची ग्रंथमालिका सुरू झाली. तिच्या जगात १९४६ मध्ये न्यूयॉर्कवर पसरलेला विषाणू लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वदांना मारतो, नऊ जणांना विद्रूप करतो आणि एकाला शक्ती देतो. येथे संभाव्यतेचे कोष्टक कथाविश्वाचा निसर्गनियम झाले आहे. शक्ती मिळालेल्या एकामागे नव्याण्णवांचा हिशेब उभा राहतो आणि तो कोणत्याही पात्राला विसरता येत नाही.

वाङ्मयप्रकाराचे संकेत म्हणजे लेखकाला अडवणारे कुंपण, हा समज आपल्याकडेही पक्का आहे. ह्या नियमसंहिता त्याला छेद देतात. प्रत्येक संहितेने सुपरहीरोविषयी एक गोष्ट शक्य केली आणि तिच्याच बळावर दुसरी एक अशक्य केली. वाङ्मयप्रकार नियमांत मांडता येतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून होकारार्थीच द्यावे लागेल. परंतु कोणतीही एक मांडणी त्याला पुरी पडत नाही, आणि ती कोठे अपुरी पडली हे शोधणे हेच समीक्षेचे काम उरते. पुलाखालच्या त्या लहानशा आवाजाला जागा देणारा आणि त्यानंतरच्या शांततेलाही जागा देणारा नियम ह्या संहितांत तरी आढळत नाही.